लाल चिठ्ठीच्या बशा

नीळकंठ मोहरील याला हायड्रा जगवता येत असे. त्याचे जुने वर्गमित्र म्हणत की त्याला तेवढंच येतं. त्यातले काही आता प्राध्यापक होते, काही वकील, आणि एकजण कलेक्टर कचेरीत मोठ्या खुर्चीवर होता. त्याच कचेरीतून नीळकंठाचे वडील हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते. तीन पिढ्या लेखणीवर जगलेल्या घरात हा एकटा बी.एस्सी.ला दोनदा आपटला, दोन्ही वेळा जीवरसायनाच्या पेपरात. मग यवतमाळच्या ज्या कॉलेजात आपटला तिथेच, प्राणिशास्त्र विभागात, प्रयोगशाळा परिचर म्हणून चिकटला. घरी पाहुणे आले की त्याची आई 'मुलगा कॉलेजात असतो' असं सांगे, आणि पुढचं कोणी विचारायच्या आत चहा आणायला उठे.

हायड्रा म्हणजे काय, हे बहुतेकांनी शाळेत चित्र काढून पुढच्या वर्षी विसरून टाकलेलं असतं. तळ्यातल्या पाणवनस्पतीच्या पानाखाली चिकटलेला, सुताच्या तुकड्याएवढा जीव. खाली पाय, वर तोंड, तोंडाभोवती पाचसहा लोंबत्या भुजा. डोळे नाहीत, मेंदू नाही, हाड नाही. पण ब्लेडनं त्याचं मुंडकं उडवलं तर दोनतीन दिवसांत त्याला नवं फुटतं. नीळकंठानं हे पंचवीस वर्षांत हजार वेळा पाहिलं असेल, तरी प्रत्येक वेळी भिंगाखाली वाकताना त्याच्या तोंडून 'वा रे पठ्ठ्या' असं निघायचंच.

यवतमाळचा मे महिना माणसाला सोसत नाही, तिथे हायड्र्याची काय कथा! नीळकंठ कोपऱ्यात ओल्या रेतीचा ओटा करी, त्यात माठ रोवी, माठाला पोतं गुंडाळी आणि दिवसातून चार वेळा ते पोतं भिजवी. नळाचं पाणी आठ दिवसांनी यायचं आणि त्यातल्या औषधानं हायड्रे मरायचे, म्हणून तो मागच्या विहिरीवरून बादली आणी, गाळून ठेवी, आणि रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बशीतलं पाणी ड्रॉपरनं काढून नवं घाली. विदर्भातल्या कॉलेजांची हायड्र्यांसाठी त्याच्याकडे चिठ्ठी येई. चिठ्ठीवर नाव मात्र विभागप्रमुखांचं असे.

विभागप्रमुख डॉ. अवधूत घारफळकर हा त्याच्याच बाकावर बसणारा. नीळकंठाच्या वहीतून त्यानं बेडकाच्या आकृत्या उतरवल्या होत्या. आता एकजण 'सर' झाला होता आणि दुसरा 'मोहरील'. एका वर्षी नीळकंठ दोन दिवस लग्नाला गेला, मागे कोणी पाणी बदललं नाही, आणि सगळे हायड्रे सडले. अवधूत शेवटच्या वर्षाच्या पोरांसमोर म्हणाला, "मोहरील, तुम्हाला साधं पाणी बदलायचंही कळत नाही?" पोरं हसली. तेव्हापासून नीळकंठानं जणू नेमच धरला, की आपल्या प्रयोगशाळेत एकही बशी शिळ्या पाण्यात रात्र काढणार नाही. शिळं म्हणजे घाण, हे तर तो घरीच शिकला होता. त्याची बायको शीला पाण्याच्या टंचाईतही सकाळी उठून पहिल्यांदा कालच्या माठातलं पाणी झाडांना ओतायची.

दोन हजार चारच्या जुलैत सुरभी गावंडे आली. नेरजवळच्या खेड्यातली, किसनराव गावंड्यांची मुलगी, तासाच्या हिशेबानं शिकवायला लागलेली. सकाळच्या बसनं साडेदहाला यायची, पाचच्या बसनं परत. हिवाळ्यात तिच्या वेणीत हमखास कापसाचा पुंजका अडकलेला असे. त्या वर्षांत भाव नव्हता, खरेदी केंद्र उघडत नव्हतं आणि वेचलेला कापूस घरातल्या खोल्यांत छतापर्यंत रचलेला असायचा. त्याच्याच बाजूला झोपून झोपून तिच्या हातांना खाज सुटलेली. पण कापसाबद्दल ती फारसं बोलत नसे. तिला पीएच.डी. करायची होती, कारण त्याशिवाय कायमची नोकरी नाही, आणि अवधूत घारफळकर तिचा मार्गदर्शक होता.

पहिल्याच दिवशी ती माठापाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, असे जाडजूड हायड्रे म्या कोठंच नाही पाहिले. काय खाऊ घालता यायले?"

पंचवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. नीळकंठानं तिला पाण्यातले बारीक किडे कसे धरायचे, माठ कुठल्या सावलीत ठेवायचा, सगळं दाखवलं. तिच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा त्याच्या वाट्याला येऊ लागला. शीलाच्या पोळीभाजीला तो नावं ठेवू लागला, इतकी ती पोर त्याच्या जवळची झाली.

पुढच्या जानेवारीत नीळकंठानं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आणि तीन आठवडे रजेवर गेला. तेवढ्यात सुरभीनं आपला प्रयोग मांडला आणि त्याची पहिली खेप मोजूनही झाली. परत येऊन पाहतो तर खिडकीतल्या मेजावर काचेच्या बशांच्या दोन रांगा. प्रत्येक बशीत चमचाभर पाणी आणि एक मुंडकं उडवलेला हायड्रा. एका रांगेला पांढरी चिठ्ठी: रोज पाणी बदलावे. दुसऱ्या रांगेला लाल: पाणी बदलू नये. खाली सही, सु. गावंडे.

नीळकंठाला ती चिठ्ठी झोंबली. कालची पोरगी, माठ कुठे ठेवायचा हे त्याच्याकडून शिकलेली, आणि त्यालाच लेखी हुकूम सोडते! तोंडानं सांगितलं असतं, कारण सांगितलं असतं, तर त्यानं ऐकलंही असतं. पण परिचराला कारण सांगायची आपल्याकडे रीत नाही. तिला वाटलं असेल, चिठ्ठी पुरे. आणि ज्यानं बी.एस्सी. दोनदा घालवली तो त्या पोरीला कारण विचारायला थोडाच जाणार? तो बशीवर वाकला. पाण्यावर बारीक साय धरली होती आणि खाली तो बिनमुंडक्याचा जीव गोळा होऊन पडला होता. आजारी माणसाला कोणी शिळं पाणी पाजतं का? शिवाय हायड्रे सडले तर बोलणी कोण खाणार? मॅडम नाही, मोहरील. त्यानं ड्रॉपर उचलला.

मग रोजचंच झालं. सकाळी सातला, तिची बस यायच्या आत, लाल चिठ्ठीच्या वीस बशांचं पाणी बदलायचं. संध्याकाळी ती गेल्यावर कुलूप लावायच्या आधी पुन्हा एकदा. चिठ्ठी जिथल्या तिथे आणि पाणी नवं. आपण एका अडाणी पोरीचा प्रयोग तिच्या नकळत वाचवतो आहोत, या विचारानं त्याला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

फेब्रुवारीत एक खेप झाली, मार्चात दुसरी. पावसाळ्यानंतर पुन्हा दोन खेपा झाल्या. सुरभी भिंगाखाली मान घालून मोजायची, वहीत आकडे लिहायची आणि तिचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. ऑक्टोबरात अवधूतनं तिला खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं, नीळकंठ बाहेर काचा पुसत होता.

"जानेवारीत लाल रांगेची मुंडकी लवकर फुटतात आणि पांढरीची उशिरा. नंतरच्या चारही खेपांत दोन्ही रांगा सारख्याच. याचा अर्थ काय, सुरभी?"

"तेच समजून नाही राह्यलं, सर."

"मला समजतंय. जानेवारीचे आकडे घरी बसून लिहिलेले आहेत."

ती बाहेर आली ती थेट माठापाशी जाऊन बसली. रडत नव्हती. तिथेच बसून तिनं विचारलं, "काका, मले एक सांगा. त्या लाल चिठ्ठीच्या बशायचं पाणी तुम्ही बदलत त नाही ना?"

"छे," नीळकंठ म्हणाला. "मी कशाला बदलू? चिठ्ठी लावली आहेस ना तू." हे त्याच्या तोंडून इतकं पटकन निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"नाही, म्हटलं विचारून पाहावं. पाण्यातच तं सारं आहे." आणि मग तिनं, आठ महिन्यांनी, पहिल्यांदा त्याला कारण सांगितलं. "हायड्र्याच्या आंगाले दोन पदर असतात, काका, अन् मधात खळीसारखा एक पातळ थर. मुंडकं कापलं की जखमेतून तो एक रस सोडते. एन्झाइम. बारावीच्या पुस्तकात विकर म्हणत. तो विकर जुना थर कापून काढते, तवा नवा थर बसते. जुनी भित पाडल्याबिगर नवी कशी बांधाव? माह्यं म्हणणं इतकंच, की त्यातला थोडा विकर पाण्यात उतरते. बशी लहान, पाणी चमचाभर. ते तसंच राहू देलं त विकर हायड्र्यापाशीच राहते अन् मुंडकं लवकर फुटते. पाणी बदललं की सारं धुऊन गेलं. विरजणाचं भांडं घासूनपुसून ठेवलं अन् मंग त्याच्यात दूध टाकलं, त दही कसं लागन?"

नीळकंठाच्या हातात फडकं होतं. ते तसंच हातात राहिलं. जीवरसायनाच्या पेपरात जे कधी डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या विरजणानं एका क्षणात शिरलं. चार खेपा. रोज दोन वेळा. वीस बशा. त्या मुक्या जीवांनी आपल्या अंगातून जे औषध काढलं ते यानं ड्रॉपरनं उपसून मोरीत ओतलं होतं, आणि वर स्वतःची पाठ थोपटली होती.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. ती समोर बसली होती, खोलीत तिसरं कोणी नव्हतं, दोन वाक्यांचं काम होतं. पण नुकतंच 'छे' म्हणून झालं होतं. आणि ती अवधूतला सांगणार, अवधूत पोरांसमोर सांगणार, आणि तेच वाक्य पुन्हा ऐकावं लागणार: मोहरील, तुम्हाला साधं पाणी... नीळकंठाचं धाडस झालं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती दुसरी. खरी भीती अवधूतच्या हसण्याची होती. आपण इतके हलके आहोत हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि ते कळूनही तो हलकाच राहिला.

विद्यापीठापर्यंत गोष्ट गेली. ठरलं असं, की डिसेंबरात सुरभीनं सोमवारी हायड्रे कापायचे आणि बुधवारी दुपारी बाहेरचे परीक्षक येऊन मोजतील. आकडे जुळले तर ठीक, नाहीतर पीएच.डी.ची नोंदणी रद्द आणि तासही बंद. नीळकंठाला वाटलं, देवच पावला. या खेपेला आपण बशांना बोटही लावायचं नाही. तिचे आकडे आपोआप जुळतील, तिचं नाव धुऊन निघेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

सोमवारी सकाळी विभागाचा फोन वाजला. "काका, मी सुरभी. नेरले रस्ता रोको आहे. कापसाच्या भावासाठी. बैलबंड्या आडव्या लावल्या न् टायर जाळून राह्यले. एकही गाडी सोडत नाही. सरायले सांगा, दोन दिवस पुढं ढकला म्हणा."

नीळकंठ अवधूतकडे गेला. अवधूतनं मानही वर केली नाही. "बाहेरचा माणूस नागपूरहून येतो आहे. रस्ता रोको काय रोजच आहे. तारीख बदलणार नाही."

नीळकंठ परत आला आणि मेजासमोर उभा राहिला. चाळीस बशा धुऊन ठेवलेल्या होत्या. चिठ्ठ्या तयार होत्या. हायड्रे त्याचे होते, ब्लेड त्याच्या खणात होतं, आणि त्याच्याइतका सफाईदार हात त्या इमारतीत दुसऱ्या कोणाचा नव्हता. हेच आपलं प्रायश्चित्त, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं चाळीस हायड्रे एकसारखे कापले. पांढऱ्या चिठ्ठीचं पाणी वेळेवर बदललं. लाल चिठ्ठीच्या बशांपाशी गेला की दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायचा. मंगळवारी तर घरी जेवायलाही गेला नाही. शीलानं डबा पाठवला, तो तसाच परत गेला.

बुधवारी परीक्षक भिंगावर वाकले. लाल रांगेत वीसपैकी अठरांना भुजा फुटल्या होत्या. पांढऱ्या रांगेत सहांना. "सुंदर," ते म्हणाले. "फारच सुंदर. कापलेही किती नेटके! मॅडम कुठे आहेत?"

आणि नीळकंठ मोहरील, ज्याच्या कामाला त्या खोलीत आजवर कोणी सुंदर म्हटलं नव्हतं, छाती काढून म्हणाला, "मी कापले, सर."

परीक्षकांनी चष्मा काढला. "तुम्ही? म्हणजे त्या इथे नव्हत्याच?"

"रस्ता रोको होता, सर."

"कोणत्या रांगेची मुंडकी फुटायला हवीत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, सर."

"मग हा प्रयोग नव्हे," परीक्षक अवधूतला म्हणाले. "ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यानंच मांडलं आणि त्यानंच सांभाळलं. मॅडमचे जानेवारीचे आकडेही असेच आले नसतील कशावरून?"

अवधूत लाल झाला होता. त्यानं नीळकंठाकडे पाहिलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा जुन्या नावानं हाक मारली. "नीळ्या, खरं सांग. याच्या आधी तिच्या बशांना तू कधी हात लावला होतास?"

इतका सरळ प्रश्न आयुष्यात क्वचित येतो. 'हो' म्हटलं असतं तर सगळं उलगडलं असतं: जानेवारी खरा, कारण तेव्हा तो रजेवर होता, पुढच्या खेपा खोट्या, कारण तेव्हा त्याचा ड्रॉपर होता. चारही खेपांचा मेळ त्या एका शब्दात बसला असता. नीळकंठानं अवधूतच्या ओठांकडे पाहिलं. कोपऱ्यात ते जुनं हसू आत्ताच तयार होतंय असं त्याला वाटलं.

"नाही, सर," तो म्हणाला.

त्याच वेळी सुरभी दारात आली. नेरपासून निम्मी वाट पायी आणि निम्मी कोणाच्या तरी ट्रकमध्ये, पाय धुळीनं भरलेले, ओढणीला टायरच्या धुराचा वास. मेजावरच्या बशा, सगळ्यांचे चेहरे आणि भिंतीला टेकलेला नीळकंठ, एवढं पाहून तिला काय झालं ते कळलं. निदान आपल्याला कळलं असं तिला वाटलं.

"काय चाललं आहे हे?" अवधूतनं विचारलं. "तू याला कापायला सांगितलं होतंस?"

तिनं एकदा नीळकंठाकडे पाहिलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं. याची नोकरी जाईल, एवढंच तिच्या मनात आलं.

"हो, सर," ती म्हणाली. "मीच सांगितलं. काकायची काही चुकी नाही. त्यायले काही म्हणू नका."

ते खोटं होतं आणि तेच तिला भोवलं. स्वतः गैरहजर राहून परिचराकडून प्रयोग करवून घेतला, असा अहवाल गेला. महिन्याभरात नोंदणी रद्द झाली, तासही गेले. नीळकंठाला एक ताकीदपत्र मिळालं, बस्स. ते त्यानं घडी करून खणात ठेवलं.

शेवटच्या दिवशी ती आपली पुस्तकं न्यायला आली. जाताना वाकून त्याच्या पाया पडली. "काका, या कॉलेजात माह्या बाजूनं तुम्ही एकलेच उभे राह्यले," ती म्हणाली. "जानेवारीचं खरं होतं, काका. तुम्हाले तरी पटते ना?"

"पटतं," नीळकंठ म्हणाला. रीत म्हणून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसात कापसाचा पुंजका होता, तो त्यानं काढून टाकला.

ती गावी गेली. पुढे तिथल्याच अंगणवाडीत सेविका झाली, की मदतनीस, असं कोणीतरी सांगितलं. लग्न झालं. नीळकंठ चार वर्षांनी रिटायर झाला. निरोपसमारंभात अवधूतनं शाल दिली आणि हायड्रे सांभाळण्याच्या त्याच्या हातोटीचं कौतुक केलं.

दरवर्षी संक्रांतीच्या आसपास नेरच्या बसचा कंडक्टर पाच किलो तुरीच्या डाळीची थैली आणून देतो. किसनरावांच्या वावरातली, घरी भरडलेली. थैलीत एक चिठ्ठी असते: काकांना. शीलाला त्या डाळीचं फार कौतुक. वरण ढवळताना ती दर वर्षी म्हणते, "किती जाण ठेवते हो पोरगी! तुम्ही तिच्यासाठी केलंत ते विसरली नाही."

एका वर्षी जानेवारी संपत आला तरी थैली आली नाही. नीळकंठ चार दिवस रोज बसस्टँडवर जाऊन बसला. नेरची प्रत्येक गाडी लागली की उठून उभा राहायचा. शीलाला वाटलं, म्हातारा डाळीसाठी इतका हावरा कसा झाला. पाचव्या दिवशी कंडक्टरनं खिडकीतून थैली बाहेर दिली. त्यानं तिथेच फलाटावर गाठ सोडून आधी चिठ्ठी पाहिली. काकांना, असंच लिहिलेलं होतं. म्हणजे तिला अजून कळलेलं नव्हतं. थैली पोटाशी धरून तो घरी आला, शीलाला म्हणाला वरण लाव, आणि हातपाय धुऊन पाटावर बसला.